फोनवरची ऑर्डर आणि खाटेजवळची सिस्टर

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, खासगी रुग्णालयाच्या आठ खाटांच्या अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या एका परिचारिकाताईंचे पत्र आले आहे. त्यांचे वय चव्वेचाळीस आहे आणि जीएनएम (परिचर्येची पदविका) होऊन त्यांना बावीस वर्षे झाली आहेत. पत्रातील मुख्य भाग असा:

“मी या विभागात आले तेव्हा नाडी, ताप, रक्तदाब लिहिणे, इंजेक्शने वेळेवर देणे, रुग्णाला स्वच्छ ठेवणे आणि काही बिघडले की डॉक्टरांना बोलावणे एवढे माझे काम होते. आज रात्री माझ्याकडे व्हेंटिलेटरवरचे दोन रुग्ण असतात. एबीजीचा, म्हणजे धमनीच्या रक्तातील वायूंच्या तपासणीचा, रिपोर्ट मी वाचते, त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवते, डॉक्टर फोनवर सांगतात त्याप्रमाणे व्हेंटिलेटरच्या सेटिंग्ज बदलते, रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरॲड्रेनालिनचा पंप कमी-जास्त करते. मोठे डॉक्टर तीन रुग्णालये सांभाळतात. रात्रीचे निवासी डॉक्टर नवीन असतात आणि पुष्कळदा तेच मला विचारतात, ‘सिस्टर, काय करूया?’ तेवीस वर्षांची, बीएस्सी झालेली मुलगी माझी एबीजीतली चूक सर्वांसमोर दाखवते. आता व्यवस्थापनाने मला एक जूनपासून इन्चार्ज सिस्टर व्हायला सांगितले आहे. यजमान म्हणतात, ओपीडीत दिवसपाळी मागून घे आणि सुखाने झोप. मी सिस्टर आहे की अर्धी डॉक्टर, हेच मला कळेनासे झाले आहे. उद्या काही विपरीत घडले तर उत्तर द्यायला कोण उभे राहणार? पद घ्यावे की हा विभागच सोडावा?”

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण एक जून जवळ आला आहे आणि तुम्हाला होकार किंवा नकार कळवायचा आहे. इन्चार्जपद घ्या. मात्र केबिनमध्ये उभ्या उभ्या ‘बघूया सर’ म्हणून ते घेऊ नका. आज ज्या गोष्टी तुम्ही फोनवरच्या शब्दावर करत आहात, त्या कागदावर आणून, त्या कागदावर डॉक्टरांची आणि व्यवस्थापनाची सही घेऊन मग घ्या. ती सही मिळत नसेल तर ओपीडी मागण्यात काहीही कमीपणा नाही, आणि त्या बाबतीत मी तुमच्या यजमानांच्या बाजूची आहे.

‘अर्धी डॉक्टर’ हा शब्द मात्र मला टोचला. चौतीस वर्षे हे काम करून मी अधिसेविका (मेट्रन) म्हणून निवृत्त झाले, आणि या काळात तो शब्द मी कौतुकानेही ऐकला आणि टोमणा म्हणूनही ऐकला. दोन्ही वेळा तो चुकीचाच होता. तुम्ही जे करता ते डॉक्टरांच्या कामातून कापून दिलेला तुकडा नाही. अतिदक्षता विभाग नावाची गोष्ट मुळात उभी राहिली तीच रुग्णाजवळून न हलणाऱ्या माणसाच्या भरवशावर. १९५२ मध्ये डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली, श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना पुरतील इतकी यंत्रे नव्हती, तेव्हा डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने पिशवी दाबून, दिवसचे दिवस रुग्णांना श्वास दिला आणि परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यातूनच पुढे असे रुग्ण एका जागी ठेवून अखंड पाहण्याची पद्धत रूढ झाली. दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, अमेरिकेत कॅन्सास सिटी येथे डॉ. ह्यूज डे यांनी हृदयरुग्णांचा वेगळा विभाग सुरू केला, आणि त्याच सुमारास फिलाडेल्फिया येथे डॉ. लॉरेन्स मेल्टझर आणि परिचारिका रोझ पिनेओ यांनी अशा विभागात परिचारिकेने काय काय करावे याची घडी बसवली. हृदयाची लय बिघडली तर हातात मिनिटेच असतात, डॉक्टर जिना चढून येईपर्यंत ती संपतात, हे उघड झाल्यावर परिचारिकांना ईसीजी वाचायला आणि विजेचा झटका द्यायला रीतसर शिकवले गेले. यातील ‘रीतसर’ हा शब्द लक्षात ठेवा. तुमच्या पत्रातले काम त्याच वाटेने तुमच्यापर्यंत आलेले आहे. कमी पडला आहे तो हा रीतसरपणा.

आपल्या मुलखातले उदाहरण देते, कारण ते मी हातांनी अनुभवले आहे. १९८०च्या दशकात मी एका ग्रामीण रुग्णालयात नवीन असताना पहाटे एका दहा-अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. जमिनीवर अंथरूण घालून झोपला होता, पोटात दुखते म्हणून उठला, आणि थोड्या वेळाने त्याच्या पापण्या उघडेनात. मण्यार चावली होती. मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही, म्हणून घरच्यांना कळत नाही. आमच्याकडे व्हेंटिलेटर नव्हता. डॉक्टरांनी नळी घातली आणि मी, दुसरी सिस्टर आणि वॉर्डबॉय अशा तिघांनी मिळून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अँबू बॅग, म्हणजे हाताने श्वास देण्याची पिशवी, दाबली. बोटे आखडली, की हात बदलायचा. मुलगा वाचला. त्या दिवशी माझे काम हातांचे होते, आणि ते करताना दुसरे काही पाहायला डोळे मोकळे नव्हते.

तोच मुलगा आज तुमच्या विभागात आला तर पिशवी यंत्र दाबील आणि तुमचे डोळे मोकळे राहतील. म्हणून तुमच्याकडून पाहण्याची अपेक्षा वाढली आहे. एका श्वासात तो कितीपर्यंत आकडे मोजतो, मान उचलतो का, थुंकी गिळतो का, हे दर थोड्या वेळाने पाहून, नळी घालण्याची वेळ जवळ आल्याचे डॉक्टरांना आधी सांगणारी तुम्हीच असता. प्रतिसर्पविष लस चालू असताना अंगावर पित्त उठणे, घसा बसणे, दाब पडणे हे पहिल्या काही मिनिटांत तुमच्याच नजरेला पडते. घोणस किंवा फुरसे असेल तर काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवायची आणि गोठले की नाही ते पाहायचे, ही साधी चाचणीही बहुधा सिस्टरच्या हातूनच होते. आणि एक गोष्ट, जी कुठल्याही मॉनिटरवर दिसत नाही: मण्यारीच्या विषाने पूर्ण लुळा पडलेला रुग्ण, बाहुल्या मोठ्या झालेल्या, बोटही न हलवणारा, मेंदू गेल्यासारखा दिसतो, पण तो आतून जागा असू शकतो आणि त्याला सर्व ऐकू येत असते. त्याच्या डोक्याशी उभे राहून ‘हा काही राहत नाही’ असे बोलणाऱ्याला गप्प करणे, त्याच्या उघड्या डोळ्यांत मलम घालणे, आणि ‘बाळा, तुझी आई बाहेर आहे, औषध चालू आहे’ असे सांगत राहणे हेही तुमचेच काम आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा वापर रूढ केला आणि पूर्वी दगावली असती अशी अनेक मुले वाचू लागली. परंतु ती गोळी दिल्यावर दाब, नाडी आणि श्वास यांवर रात्रभर कोणाची तरी नजर लागतेच. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) रुग्णाची ताशी लघवी मोजून, ती घटू लागल्याचे पहिल्यांदा कोणाला कळते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

काम फक्त यंत्रांमुळे बदललेले नाही. समजही बदलली आहे. आमच्या वेळी शांत झोपलेला रुग्ण म्हणजे चांगला रुग्ण. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला गाढ झोपवून ठेवत आणि तो हात उचलू लागला की पट्टीने बांधत असू. मीही बांधले आहेत, आणि आज त्याची खंत वाटते. २००० साली शिकागोतील डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झोपेचे औषध रोज एकदा थांबवून रुग्णाला जागे करून पाहिले, तर व्हेंटिलेटरवरचा काळ सुमारे अडीच दिवसांनी कमी होतो, असे त्यात दिसले. तेव्हापासून हलकी गुंगी, लवकर जाग, लवकर उठून बसवणे ही दिशा पक्की झाली आहे. आता रुग्ण किती गुंगीत आहे हे अधिक चार ते उणे पाच अशा रास मोजपट्टीवर तुम्ही ठरवता आणि त्यानुसार पंप चालतो. जागा असलेला रुग्ण सांभाळणे झोपलेल्यापेक्षा कितीतरी अवघड असते, तो नळी ओढतो, घाबरतो, त्याला रात्री दिवस वाटतो, आणि हे सर्व एकट्या सिस्टरवर येते. मनुष्यबळ तेवढेच ठेवून ही सुधारणा करता येत नाही, हे व्यवस्थापनाला स्पष्ट सांगण्याची वेळ आली आहे.

आता फोनकडे वळते, कारण तुमच्या पत्रातली खरी भीती तिथे आहे आणि ती रास्त आहे. माझ्या पाहण्यातली गोष्ट आहे. रात्री दोन वाजता, पावसात, फोन तुटत असताना डॉक्टरांनी एका औषधाचे प्रमाण ‘फिफ्टीन’ सांगितले आणि सिस्टरने ‘फिफ्टी’ ऐकले. पंप लावण्यापूर्वी तिला स्वतःलाच आकडा मोठा वाटला म्हणून तिने पुन्हा फोन केला, आणि रुग्ण वाचला. दुसऱ्या दिवशी ‘एवढ्यासाठी दोनदा फोन कशाला’ म्हणून तिलाच बोलणी बसली. त्या दिवसापासून माझ्या विभागात मी नियम केला की फोनवरची प्रत्येक ऑर्डर ऐकता ऐकता लिहायची, लिहिलेली वाचून दाखवायची, आकडा सुटा सुटा म्हणायचा, ‘एक-पाच, पंधरा’, डॉक्टरांनी ‘बरोबर’ म्हटल्यावरच हात लावायचा, दुसऱ्या एका सिस्टरला किंवा निवासी डॉक्टरांना स्पीकरवर ऐकवायचे, वेळ टाकायची, आणि सकाळच्या फेरीला त्या ओळीखाली डॉक्टरांची सही घ्यायची. सही राहिली तर दुपारच्या पाळीला ओव्हर देताना, म्हणजे काम सोपवताना, ती राहिली असे सांगायचे. सुरुवातीला डॉक्टर चिडले, आणि महिन्याभरात तेच इतर विभागांना आमची वही दाखवू लागले.

व्हॉट्सॲपवरचा संदेश म्हणजे केसपेपर नव्हे. फोन बदलतो, संदेश पुसले जातात, फोटोतला दशांश चिन्हाचा ठिपका दिसत नाही. फोटो पाठवायला हरकत नाही, पण रुग्णाचे नाव झाकून पाठवा, आणि त्यावर जे उत्तर आले ते शब्दशः फाईलमध्ये उतरवा.

‘उत्तर द्यायला कोण उभे राहणार’ असे तुम्ही विचारले आहे. मी वकील नाही, तरी इतके खात्रीने सांगते की जबाबदारी पूर्णपणे दुसऱ्यावर ढकलता येत नाही आणि ती पूर्णपणे तुमच्या एकटीवरही येत नाही. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. परिचारिकेने चुकीचे इंजेक्शन शिरेतून दिल्याने एका लहान मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. न्यायालयाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या चुकीसाठी रुग्णालयालाही भरपाईस बांधील धरले. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात हलगर्जी ठरवण्याचा निकष सांगितला आहे तो असा की त्या व्यवसायातील सर्वसाधारण कुशल व्यक्तीने जे कौशल्य वापरले असते, ते वापरले की नाही, हे पाहायचे. म्हणजे तुम्हाला डॉक्टरांच्या गजाने मोजणार नाहीत. पण ‘मला सांगितले तसे मी केले’ एवढ्यावरही सुटका नाही. आकडा अवास्तव वाटला तर विचारायला हवे होते, असे तुम्हाला नक्की म्हटले जाईल. म्हणून विचारल्याची नोंद ठेवा.

इन्चार्ज होण्याआधी जो कागद मागायचा तो हाच. त्यात विभागाच्या मोठ्या डॉक्टरांनी लिहून द्यावे की मीन प्रेशर, म्हणजे रक्तदाबाची सरासरी, ६५ च्या खाली गेले तर नॉरॲड्रेनालिन किती टप्प्याने वाढवायचे, कुठल्या आकड्यापर्यंत सिस्टरने आणि त्यापुढे कोणी; ऑक्सिजनचे प्रमाण सिस्टरने किती मर्यादेत बदलावे; आणि अशी कोणती लक्षणे आहेत ज्यांवर फोन पुरणार नाही, डॉक्टरांनी स्वतः यायलाच हवे. याची दुसरी बाजूही त्याच कागदावर हवी. नवीन औषध स्वतःच्या मनाने सुरू करणे, शस्त्रक्रियेची संमती समजावून घेणे, मृत्यू घोषित करणे ही कामे सिस्टरची नाहीत, आणि रात्री डॉक्टर झोपले आहेत म्हणून ती तुमची होत नाहीत. निवासी डॉक्टर ‘काय करूया’ विचारतात तेव्हा तुम्हाला जे दिसते ते जरूर सांगा, तुमचा बावीस वर्षांचा अनुभव त्यांना मिळायलाच हवा. मात्र निर्णय त्यांच्या अक्षरात, त्यांच्या सहीने उतरू द्या.

या कागदात थांबवण्याचा अधिकारही मागा. अमेरिकेतील मिशिगन राज्यात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत सेंट्रल लाईनच्या (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या) जंतुसंसर्गावर काम केले, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि संसर्गात मोठी घट दिसली. हात धुणे, त्वचा क्लोरहेक्सिडिनने पुसणे, पूर्ण निर्जंतुक आच्छादन अशा पाचच साध्या गोष्टी होत्या. त्या सर्वांना आधीपासून माहीत होत्या. फरक पडला त्याचे एक मोठे कारण असे की डॉक्टरांकडून त्यातली एखादी पायरी राहिली तर परिचारिकेने त्यांना तिथेच थांबवावे, असा अधिकार वरिष्ठांनी तिला उघडपणे दिला होता. आपल्याकडे सिस्टर चूक पाहते, नजर खाली घालते आणि नंतर मावशीजवळ बोलते. तुम्ही इन्चार्ज झालात तर एवढी एक गोष्ट बदलून दाखवा. माझी फार इच्छा आहे.

मनुष्यबळाबद्दल तुम्हाला आकडा माहीत असावा. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीत एका रुग्णामागे एक परिचारिका आणि वर रजेसाठी ३० टक्के राखीव असावे. आठ खाटा, तीन पाळ्या म्हणजे २४, आणि राखीव धरून सुमारे ३१. तुमच्याकडे त्याच्या निम्म्याही नसतील, आणि तालुक्याच्या गावी उद्या त्या मिळणारही नाहीत. मुली शिकतात आणि मुंबई, गोवा, आखात गाठतात. म्हणून मी तुम्हाला ३१ मागायला सांगत नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक, हे पहिल्या दिवसापासून मागा. आणि बिलाच्या नोंदी, औषधांची मागणीपत्रे, विम्याच्या कागदांचे झेरॉक्स ही कामे सिस्टरकडून काढून कारकुनाकडे द्यायला लावा. एका कारकुनाच्या पगारात तीन पाळ्यांच्या सिस्टरना रुग्णाजवळ परत पाठवता येते, हे व्यवस्थापनाला पटण्यासारखे आहे.

रुग्ण पुढे हलवण्याचा प्रश्न आपल्या भागात वेगळाच असतो. गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात न्यायचे की फोंडा घाटाने कोल्हापूरला, दरड कोसळली आहे का, हे ठरेपर्यंत अर्धी रात्र जाते, आणि सोबत बहुधा सर्वांत नवीन मुलीला पाठवतात, कारण जुनी सिस्टर विभागात हवी असते. हे थांबवा. बी-टाईप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर चालू ठेवला तर तो अडीच तासांत संपतो, आणि महामार्गावर एखादा ट्रक आडवा झाला की हिशेब तिथेच चुकतो. हा हिशेब निघण्यापूर्वी सिस्टरने करून लिहावा, आणि सोबत जाणारीला नळी निसटली तर काय करायचे हे हाताने येत असावे.

त्या तेवीस वर्षांच्या मुलीबद्दल लिहिलेत ते वाचताना मला तुमचा अवघडलेला चेहरा दिसला. तिने सर्वांसमोर बोलायला नको होते, हे तिला एकांतात सांगा. पण तिने दाखवलेली चूक खरी असेल तर तिच्याकडून एबीजी शिकून घ्या, आणि तेही उघडपणे, ओव्हरच्या वेळी, सर्वांच्या देखत. जी इन्चार्ज स्वतः शिकताना दिसते तिच्यापासून चुका लपवल्या जात नाहीत. आणि तिला द्यायला तुमच्याकडे पुष्कळ आहे. मॉनिटर ठीक असताना ‘आज यांचा रंग बरा नाही’ असे जे तुम्हाला दारातून कळते, ते कशावरून कळते हे तिला शब्दांत सांगायचा प्रयत्न करा: कपाळावरचा घाम, पायांचे गार पडलेले अंगठे, काल हाक मारताच डोळे उघडणारा माणूस आज दुसऱ्या हाकेला उघडतो. शिक्षणाचे म्हणाल, तर जीएनएमनंतर क्रिटिकल केअर नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक पदविका अभ्यासक्रम आहे. दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा पदव्युत्तर अभ्यासक्रमही परिषदेने आणला आहे, पण त्याला बीएस्सी आणि किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. तो त्या मुलीसाठी आहे, तिला तिकडे पाठवा. २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा झाला, तो १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी आहे. पुढच्या काळात कोणाला काय करता येईल याची चौकट त्यातून ठरत जाईल. आज तरी पदविकेइतकेच तुमच्या डॉक्टरांनी सही केलेल्या कार्यपद्धतीला महत्त्व आहे.

नवे काम अंगावर आले की जुने काम हातातून सुटते, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. तोंड पुसणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठ पाहणे, उशाकडची बाजू तीस अंशांच्या वर ठेवणे, नळीच्या फुग्याचा दाब पाण्याच्या वीस ते तीस सेंटीमीटरइतका ठेवणे ही कामे मावशीकडे किंवा ‘नंतर’कडे जातात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांना त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९७३ पासून २०१५ पर्यंत, पिढ्या बदलल्या तरी, सांभाळले. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या सेवेची मनापासून दखल घेतली. त्या सेवेचा भर यंत्रांवर नव्हता. कूस बदलताना त्वचा दिसते, श्वास ऐकू येतो, रुग्ण कण्हतो की नाही हे कळते. ते काम दुसऱ्याला देऊन आपण फक्त पडद्याकडे पाहू लागलो, तर ज्या नजरेच्या जोरावर ही नवी जबाबदारी आपल्याकडे आली तीच अधू होईल.

नातेवाइकांविषयी तुम्ही काही लिहिले नाही, पण रात्री दाराशी उभी राहणारी आई ‘सिस्टर, माका खरा सांगा, माजो झील वाचतलो ना?’ असे तुम्हालाच विचारत असणार. मुंबईचा मुलगा गाडीत बसला आहे, तो येईपर्यंत बाबांना यंत्रावर ठेवा, अशी विनवणीही तुमच्याचकडे होत असणार. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत काहीशी सोपी केली, त्यामुळे उपचार कुठवर न्यायचे हे बोलणे आता टाळता येण्यासारखे राहिलेले नाही. निर्णय सांगणे डॉक्टरांचे काम आहे. मात्र त्या बैठकीत सिस्टरला बसवून घ्यावे, असा आग्रह धरा, कारण डॉक्टर उठून गेल्यावर ‘म्हणजे नक्की काय म्हणाले हो?’ हा प्रश्न तुमच्याकडे येतो, आणि दोघांचे शब्द वेगळे निघाले तर त्या घराचा आपल्यावरचा विश्वास कायमचा उडतो. देवाचा अंगारा आणला असेल तर कपाळाला लावू द्या; फक्त मानेच्या लाईनजवळ नको, एवढे मायेने सांगा.

यजमानांना माझा निरोप सांगा की त्यांची काळजी बरोबर आहे. सलग सात रात्री करून कोणालाही नीट विचार करता येत नाही; इन्चार्ज झाल्यावर स्वतःच्या आणि मुलींच्या सलग रात्री कमी करणे तुमच्या हातात येईल. योग्य काय ते कळत असून करता येत नाही, या कोंडीने जो थकवा येतो तो झोपेने जात नाही. त्यासाठी वाईट रात्रीनंतर पंधरा मिनिटे सर्वांना बसवून, कोणाला दोष न देता, काय झाले ते बोलू द्या. माझ्या विभागातल्या मुली यामुळे नोकरीत टिकल्या, असे मी सांगू शकते.

मेअखेरीस व्यवस्थापनाशी बोलायला जाल तेव्हा दोन पाने सोबत न्या. एकावर फोनवरच्या ऑर्डरची पद्धत आणि सिस्टरच्या मर्यादा असू द्या. दुसऱ्यावर पावसाळ्याची तयारी लिहा: प्रत्येक खाटेला स्वतःची अँबू बॅग आणि मास्क, प्रत्येक व्हेंटिलेटर आणि पंप बॅटरीवर किती मिनिटे चालतो हे प्लग काढून मोजलेले आकडे, जनरेटरला किती तासांचे डिझेल आहे आणि तो उंचावर आहे की नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये पाणी किती चढले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. बॅटरीचे आकडे या आठवड्यातच तुम्ही आणि ती तेवीस वर्षांची मुलगी मिळून मोजा, म्हणजे मृगाच्या आधी एखादी बॅटरी बदलायची असेल तर कुडाळ किंवा कोल्हापूरहून मागवायला वेळ राहील. सही झाली की नाही ते मला जरूर कळवा.

तुमची,
एक निवृत्त अधिसेविका